घरांतील संरक्षक खटका अवेळीं कां पडतो ?

पावसाळा लागला कीं अनेक घरांत एक तक्रार सुरू होते. कोणतेंहि जड यंत्र चालू नसतें, तरी मीटरजवळचा संरक्षक खटका आपोआप खालीं पडतो. आमच्या घरीं गेल्या श्रावणांत आठ दिवस रोज सायंकाळीं हाच प्रकार चालला. खटका वगळून तारा सरळ जोडाव्या, असा सल्ला शेजाऱ्यांनीं दिला. आम्हीं तो मानला नाहीं, हें बरें झालें.

या खटक्यास बाजारांत आर. सी. सी. बी. म्हणतात. साधा एम. सी. बी. खटका भार फार वाढला किंवा तारा एकमेकींस भिडल्या म्हणजे पडतो; याचें लक्ष गळतीवर असतें. पाटाच्या मुखाशीं सोडलेलें पाणी शेवटास कमी भरलें, तर वाटेंत खेकड्यानें बांध पोखरला असें आपण समजतों. तसेंच एका तारेनें गेलेली वीज दुसरीनें तितकीच परत न आली कीं हा खटका पडतो. घरगुती खटक्यावर बहुधा ३० मिलिअँपिअर हा आकडा असतो. १५ च्या पुढें तो केव्हांहि पडूं शकतो. ओल्या अंगाचा मनुष्य २३० व्होल्टच्या तारेस चिकटल्यास देहांतून सुमारें २०० मिलिअँपिअर वीज वाहूं शकते. एवढ्यानें १६ अँपिअरचा साधा खटका हालतहि नाहीं. मनुष्य मात्र प्राणास मुकतो.

गळतीचीं कारणें बहुधा साधीं असतात. पाणी तापविण्याच्या कांडीस चीर पडते, पंपाच्या केबलच्या सांध्यांत ओल शिरते, उंदीर तारेचें आवरण कुरतडतात. कित्येकदां अनेक उपकरणांच्या बारीक गळत्यांची बेरीज होऊन खटका पडतो. अशा वेळीं गोठा व पंप यांस निराळे खटके द्यावे. जवळपास वीज कडाडल्यानेंहि तो एखादे वेळीं पडतो, पण पुन्हां चढविल्यावर टिकतो.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. सर्व उपकरणांचे प्लग काढावे. केवळ बटण बंद करणें पुरेसें नाहीं, कारण न्यूट्रल तार जमिनीच्या तारेस भिडली असली तर बटण बंद असतांहि खटका पडतो. मग खटका चढवून एकेक उपकरण जोडावें. ज्याच्या जोडणीनें तो पडेल, तें दुरुस्तीस द्यावें. सर्व प्लग काढूनहि तो न टिकला, तर दोष घरच्या तारांत किंवा कायमच्या दिव्यांत आहे असें समजून परवानाधारक वायरमन बोलवावा.

आमच्या घरीं शेवटीं वायरमननें दोष काढला तो गोठ्यांतील दिव्याच्या होल्डरांत. पावसाचें पाणी त्यांत झिरपून दिवा लावतांच लोखंडी खांबांत वीज उतरत होती, आणि त्याच खांबास गाय बांधलेली असे. धारेस बसणारें माणूसहि तेथेंच टेकत असे.

म्हणून बागाईतदार बंधूंस विनंति कीं, पडणाऱ्या खटक्यावर रागावूं नये. घराची अर्थिंग नीट आहे कीं नाहीं हें तपासून घ्यावें. ती चांगली असली तर कोणाचा हात लागण्यापूर्वींच गळती उघडकीस येते. दर महिन्यास खटक्यावरील चांचणीचें बटण दाबावें. वीज चालू असतां तें दाबूनहि खटका न पडेल, तर तो त्वरित बदलावा. पडणाऱ्या खटक्यापेक्षां न पडणारा खटका अधिक घातक होय.