केकचा कुत्रा उभा का राहत नाही?

हुबेहूब कुत्र्यासारखे दिसणारे केक नीट पाहिलेत, तर एक गंमत लक्षात येईल. त्यातले बहुतेक कुत्रे बसलेले असतात, नाहीतर मस्त पसरलेले. चार पायांवर उभा असलेला क्वचितच दिसतो. केक दाब थोडाफार सोसतो, पण ताण किंवा वाकणं त्याला मुळीच झेपत नाही. चार किलोचं धड चार बारीक पायांवर ठेवलं की कोसळलंच म्हणून समजा.

म्हणून असा केक भट्टीपासून नाही, सांगाड्यापासून सुरू होतो. बसलेला लॅब्रेडोर करायचा असेल तर जाड प्लायवूडच्या पाटावर एक दांडा किंवा पाइप घट्ट बसवतात आणि त्याला अन्नाला चालेल असं वेष्टन देतात. मानेशी तो किंचित कलता ठेवतात. धडात साधारण दर दहा सेंटीमीटरला एक पातळ फळी येते आणि ती खालच्या थरात खोचलेल्या काड्यांवर टेकते. वरचं ओझं स्पंजवर न पडता त्या काड्यांवरून थेट पाटावर उतरतं. खाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

डोकं तर बऱ्याचदा केकचं नसतंच! वितळवलेल्या मार्शमेलोत तांदळाचे कुरकुरीत दाणे घोळून ते दाबून वळतात. आपल्या कुरमुऱ्याच्या लाडवाचा हा परदेशी भाऊ. वजनाला हलका, गार झाल्यावर टणक. त्यावर चॉकलेट आणि ग्लुकोज सिरप मिसळून केलेला, मातीसारखा मळता येणारा लेप चढवून नाकाड, भुवया आणि ओठांच्या घड्या घडवतात.

धडासाठी हलकाफुलका स्पंज कामाचा नाही, सुरी लावताच भुगा होतो. भरपूर लोण्याचा घट्ट केक भाजून तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीत लोणी गोठतं, कण धरून ठेवतं, आणि मग दातेरी सुरीने खांदे, बरगड्या, मांड्या कोरता येतात. वरून गनाशचा थर: दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम. पांढऱ्या चॉकलेटला तीनास एक, कारण ते मऊ असतं. गोठल्यावर याचं छान कवच होतं.

मग केस. लॅब्रेडोरच्या आखूड केसांसाठी फॉन्डंटवर, म्हणजे वरून चढवलेल्या साखरेच्या मऊ आवरणावर, सुईने बारीक रेघा ओढतात. पॉमेरेनियनचा झुबका हवा असेल तर अनेक भोकांच्या नोझलमधून आयसिंग सोडतात, आणि तेही खालून वर. वरची प्रत्येक ओळ खालच्या ओळीची मुळं झाकते, म्हणून केस अंगातूनच उगवल्यासारखे दिसतात. उलट क्रमाने गेलं तर मुळं उघडी पडतात.

पण माझ्या मते सगळी जादू डोळ्यांत आहे. केस कितीही सुरेख असोत, डोळे कोरडे असले की समोर खेळणं उरतं. त्यासाठी आयसोमाल्ट वापरतात. हा बीटच्या साखरेपासून बनतो, आणि साखर तांबूस पडू लागते तेवढ्या तापमानालाही तो काचेसारखा स्वच्छ राहतो. तपकिरी बुबुळावर त्याचा एक थेंब ओतला की खोलीतला दिवा त्यात चमकतो आणि कुत्रा आपल्याकडे पाहू लागतो.

मुंबईच्या पावसाळ्यात मात्र या कुत्र्याला घाम फुटतो. फ्रिजमधून काढलेल्या थंड फॉन्डंटवर हवेतली वाफ बसते, साखर ती शोषून घेते आणि अंग चिकट होतं. तेव्हा केक बंद खोक्यातच हळूहळू खोलीच्या तापमानाला आणायचा, म्हणजे पाणी खोक्यावर जमतं, केकवर नाही. एवढी साधी युक्ती, पण तिच्याविना सगळ्या मेहनतीचा चिखल होऊ शकतो.

कापताना शेपटीकडून सुरुवात करावी. डोळ्यांत पाहत पहिली सुरी चालवायला कोणी धजावत नाही. आणि वाढदिवस घरातल्या खऱ्या कुत्र्याचा असेल, तर त्याला यातला तुकडा देऊ नये. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं आणि विषारी ठरू शकतं. त्याच्यासाठी उकडलेलं चिकन आणि भाताचा छोटा गोळा पुरे. त्याला काही कोरीवकामाची पडलेली नसते.