बोलणारं मॅन्युअल

मॅन्युअल म्हटलं की ड्रॉवरमधलं न उघडलेलं पुस्तक आठवतं ना? आता एईडी बघा, विमानतळावर भिंतीला लावलेली, हृदयाला शॉक देणारी पेटी. माणूस कोसळलाय, श्वास थांबलाय. वाचत कोण बसणार? (आधी १०८ला फोन लावा हं.)

पेटी सुरू केली की बोलायला लागते. एका वेळी एकच सूचना: पॅड छातीवर चिकटवा. ते चिकटल्याचं तिला कळतं, मगच पुढचं वाक्य. मग ती हृदयाची लय तपासते. शॉकची गरज नसेल, तर तुम्ही म्हणालात तरी देत नाही! छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, बऱ्याच पेट्या टिकटिक करून तालही धरतात.

आपल्या मिक्सरच्या क्यूआर कोडमागे मात्र तीच जाडजूड पीडीएफ.

एक गोष्ट राहतेच, भाषा. बऱ्याच मॉडेलांत ती आधीच निवडून ठेवलेली असते. तुमच्या ऑफिसातली पेटी कुठल्या भाषेत बोलते, उद्या विचारा.