संगणकाची उजळणी – भाग ११ : खिडकी लपली, प्रोग्राम उघडाच

मागच्या भागात मेमरी आणि हार्ड डिस्क यांच्यातला फरक पाहिला. आज त्या दोघींच्या जिवावर चालणारा रोजचा एक उद्योग बघू : एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाणं. गावच्या सेवा केंद्रावर बसलेला पोरगा एका खिडकीत सातबारा, दुसरीत महाडीबीटीचा अर्ज आणि तिसरीत आधारची पीडीएफ उघडून बसतो. ऑल्ट आणि टॅब ही दोन बटणं दाबत तो या तिन्हींत सहज ये-जा करतो. पूर्वी पीसीवर एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा, हे सांगितलं तर तो हसेल.

डॉसच्या मशिनवर प्रोग्रामांना मिळून ६४० किलोबाइट जागा असायची. वर्डस्टारमध्ये पत्र लिहिताना लोटसच्या तक्त्यातला एखादा आकडा हवा झाला, की पत्र सेव्ह करायचं, वर्डस्टारमधून बाहेर पडायचं, लोटस चालू करायचं, आकडा कागदावर टिपून घ्यायचा आणि आल्या वाटेने परत जायचं. त्यामुळे १९८४ मध्ये बोरलँड कंपनीचं ‘साइडकिक’ आलं तेव्हा लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. हा छोटा प्रोग्राम एकदा चालू केला की मेमरीतच मुक्काम ठोकायचा. ठरलेली बटणं दाबली की चालू कामाच्या वरच कॅल्क्युलेटर किंवा टिपणवही उघडायची, काम झालं की गायब. पण असे मुक्कामी प्रोग्राम दोन-तीन झाले की त्यांची आपसांत भांडणं लागत. साइडकिकचा तर हट्टच असे, की मला सगळ्यांत शेवटी चालू करा.

आपल्याकडचं जिस्ट कार्ड मला याच बिरादरीतलं वाटतं, जरी ते प्रोग्राम नव्हतं, मशिनमध्ये बसवायचं कार्ड होतं. या तंत्राचा पाया आयआयटी कानपूरमध्ये घातला गेला. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि तिथे मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते वाढलं. कार्ड बसवलं की वर्डस्टार किंवा डीबेससारख्या अस्सल इंग्रजी प्रोग्राममध्ये देवनागरी उमटायची, आणि मूळ प्रोग्रामला त्याची गंधवार्ताही नसायची. पुढे एक, मागे दुसरा, ही सवय मराठी ऑपरेटरला विंडोजच्या आधीच लागली होती.

पडद्यावरच्या पसाऱ्याचा खरा प्रश्न मात्र मॅकिंटॉशवर उभा राहिला. १९८४ चा मॅक म्हणजे नऊ इंची काळा-पांढरा पडदा आणि १२८ किलोबाइट मेमरी. एका वेळी एकच प्रोग्राम, त्यामुळे पसारा होण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे ५१२ किलोबाइटचा मॅक आला आणि मूळ मॅक घडवणाऱ्यांपैकी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी १९८५ मध्ये ‘स्विचर’ लिहिला. मेमरीचे वाटे पाडून तो एकेका वाट्यात एकेक प्रोग्राम ठेवायचा. बाण दाबला की अख्खा पडदा बाजूला सरकायचा आणि दुसरा प्रोग्राम आत यायचा. एका वेळी दिसायचा एकच. ती सोय फार शहाणपणाची होती, असं माझं मत आहे.

कारण १९८७ मध्ये अ‍ॅपलने ‘मल्टिफाइंडर’ दिला आणि सगळ्या प्रोग्रामांच्या खिडक्या एकाच पडद्यावर एकमेकींवर चढून बसल्या. पत्राच्या कडेला दुसऱ्याच प्रोग्रामची खिडकी डोकावायची. माऊस जरा चुकून बाहेरच्या मोकळ्या जागेवर पडला, की वरचा मेनूच बदलायचा आणि माणूस गोंधळायचा : माझं पत्र गेलं कुठे? त्यावरचा उतारा १९९१ च्या ‘सिस्टिम ७’ मध्ये मिळाला. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चालू प्रोग्रामांची यादी आली आणि त्या यादीत ‘बाकीचे लपवा’ व ‘सगळे दाखवा’ असे हुकूम आले. ऑप्शन हे बटण दाबून दुसऱ्या प्रोग्राममध्ये गेलं, तर आधीचा आपोआप लपायचा.

लपवणं आणि बंद करणं हे दोन वेगळे हुकूम आहेत. लपवलेला प्रोग्राम डोळ्यांआड जातो, पण मेमरीतली जागा सोडत नाही. एमएस-सीआयटी केलेली कितीतरी मंडळी आजही इथेच फसतात. खिडकी दिसेनाशी झाली म्हणजे काम मिटलं असं समजून ती पुढे जातात आणि तासाभराने मशिन रांगायला लागलं की व्हायरसच्या नावाने बोटं मोडतात.

मग मेमरी भरली तरी विंडोज एवढे प्रोग्राम पेलतं कसं? यासाठी आम्हा सिद्धेश्वरकरांना लांब जायला नको. वर येलदरी धरणाचा जिवंत साठा सुमारे ८१० दलघमी, खाली आमच्या सिद्धेश्वर धरणाचा जेमतेम ८१. कालवे मात्र सुटतात ते सिद्धेश्वरातून, आणि येलदरीत वीज तयार करून सोडलेलं पाणी खाली इथे येतं. हार्ड डिस्क येलदरी समजा आणि मेमरी सिद्धेश्वर. साठा वर, वापर खालून. फरक इतकाच, की पूर्णा नदीचं पाणी उलटं वर चढत नाही, संगणक मात्र मेमरीत न लागणारा भाग डिस्कवर परत नेऊन ठेवतो. ३८६ चिप असलेल्या मशिनवर १९९० चं विंडोज ३.० हे करू लागलं. चार मेगाबाइट मेमरीवर पेजमेकरमधून कोरल ड्रॉमध्ये गेलं की डिस्कचा लाल दिवा लुकलुकायचा, खरखर व्हायची आणि मग कुठे खिडकी भरायची. ती खरखर म्हणजे वरून पाणी सोडल्याचा आवाज!

पडद्यावरच्या पसाऱ्याच्या बाबतीत विंडोजची सुरुवात मॅकच्या मल्टिफाइंडरच्या अगदी उलट टोकाला झाली होती. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या एकमेकींवर चढतच नसत, भावांनी रान वाटून घ्यावं तसा पडदा वाटला जायचा. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर आल्या. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ऑल्ट दाबून टॅब मारला, की पडद्याच्या मधोमध पुढच्या प्रोग्रामचं नाव चौकटीत दिसू लागलं.

परभणी, हिंगोली, वसमतकडच्या डीटीपीच्या दुकानांत लग्नपत्रिका याच विंडोजवर जुळल्या. तिथे पसाऱ्याला आणखी एक पदर होता. पत्रिका पेजमेकरमध्ये, गणपती कोरल ड्रॉमध्ये आणि या दोघांच्या मागे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. भाषा बदलण्यासाठी स्क्रोल लॉकसारखं एखादं बटण राखून ठेवलेलं असे. ‘चि. सौ. कां.’ टाइप करून ऑपरेटर फाइलला नाव द्यायला जायचा आणि बटण दाबायचं विसरायचा. मग नावाच्या जागी डोक्यावर टोप्या आणि टिंबं मिरवणारी रोमन अक्षरं उमटायची, कारण तेव्हाचे मराठी फाँट रोमन अक्षरांच्याच जागा बळकावून बसलेले होते. खिडकी बदलली तरी भाषा बदललेली नसायची.

३.१ मध्ये लहान केलेला प्रोग्राम पडद्याच्या तळाशी चित्र होऊन बसायचा, आणि वर मोठी खिडकी असली की ते चित्र तिच्याखाली झाकलं जायचं. नवखा माणूस प्रोग्राम हरवला असं समजून तोच पुन्हा उघडायचा. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ च्या खालच्या पट्टीने हा घोळ मिटवला. लपलेलं असो वा समोर असलेलं, प्रत्येक खिडकीचं बटण तिथे दिसू लागलं. माझ्या मते स्टार्ट बटणाचा फार गाजावाजा झाला, पण खरा उपकार या पट्टीचा.

पसाऱ्यावर कामागणिक वेगळा पडदा हा उपाय झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात हेंडरसन आणि कार्ड यांनी १९८६ मध्येच ‘रूम्स’ या नावाने मांडला होता. विंडोजमध्ये तो थेट २०१५ च्या विंडोज १० बरोबर आला.

आता एवढं करून बघा. विंडोजचं बटण आणि डी दाबा : सगळ्या खिडक्या लपतील, पण एकही बंद होणार नाही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरीचा रकाना बघा. ज्याचं काम संपलंय तो प्रोग्राम समोर आणून ऑल्ट-एफ४ दाबून बंद करा, त्याआधी फाइल तेवढी सेव्ह करा. पुढच्या भागात क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो कुठे, ते पाहू.