सहअवलंबित्व
सहअवलंबित्व किंवा कोडिपेंडन्सी म्हणजे जवळच्या व्यक्तीचे व्यसन, आजार किंवा लहरी वर्तन सांभाळता सांभाळता स्वतःच्या गरजा, मते व निर्णय मागे पडत जाण्याची वर्तनपद्धती होय. हे वैद्यकीय निदान नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेत सहअवलंबित्वाचा विकार म्हणून समावेश नाही. तीत असलेला परावलंबी व्यक्तिमत्त्व विकार निराळा आहे.

इतिहास

ही संकल्पना मद्यपाशाच्या उपचारांतून पुढे आली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (१९३५) नंतर मद्यपींच्या नातेवाइकांसाठी १९५१ साली अल-अॅनॉन सुरू झाले. मेलडी बीटी यांच्या १९८६ मधील 'कोडिपेंडंट नो मोअर' या पुस्तकाने ही संज्ञा सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली. त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र स्थापन केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा आधारगट चालतो.

स्वरूप

नवरा दारू पिऊन पडला असता 'त्यांना ताप आहे' असा फोन पत्नी कार्यालयात करते, उधारी भागवते, मुलांपुढे सारवासारव करते. प्रत्येक कृती मायेची असते. मात्र पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मुलगा व आई, भाऊ व बहीण, अगदी मित्रांमध्येही हे घडते. काळजी घेणे आणि सहअवलंबित्व यांतील फरक कामाच्या प्रमाणात नसून नकार देता येतो की नाही यात आहे.

तज्ज्ञाची निवड

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असून औषधे देऊ शकतो. सोबत नैराश्य, निद्रानाश किंवा आत्महत्येचे विचार असल्यास प्रथम त्याच्याकडे जावे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असतो व नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. समुपदेशकांचे प्रशिक्षण मात्र काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमापासून पदव्युत्तर पदवीपर्यंत काहीही असू शकते, म्हणून शिक्षणाची चौकशी आवश्यक ठरते. व्यसनग्रस्त कुटुंबांबरोबर काम केल्याचा अनुभव असणे उपयुक्त असते. कोणाकडे जावे हेच ठरत नसल्यास केंद्र शासनाच्या टेलि-मानस या निःशुल्क सेवेवर (१४४१६) विचारता येते.

पहिल्या एक-दोन भेटींत बोलणे केवळ अनुपस्थित व्यक्तीला कसे सुधारावे यावरच राहत असेल, तर जुनाच प्रश्न नव्या खोलीत आलेला असतो. उलट, पहिल्याच दिवशी 'नाते तोडा' असा हुकूम देणारा तज्ज्ञही तितकाच गैरसोयीचा. निर्णय पुन्हा दुसऱ्याच्याच हाती जातो. अशा व्यक्ती तज्ज्ञालाही खूश ठेवू पाहतात: न पटलेले पटले म्हणतात, बरे नसताना बरे असल्याचे सांगतात. चांगला तज्ज्ञ हे ओळखून मतभेद बोलून दाखवण्यास वाव देतो.

घरात मारहाण असल्यास जोडप्याचे एकत्र समुपदेशन सहसा योग्य मानले जात नाही, कारण तेथे बोललेल्या शब्दांची किंमत घरी मोजावी लागू शकते. तेव्हा सुरक्षितता आधी पाहावी लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे मदत मागता येते.

टीका

स्त्रीवादी अभ्यासकांच्या मते ही संज्ञा समाजाने स्त्रियांवर लादलेल्या सेवाभावालाच त्यांचा दोष ठरवते. भारतीय एकत्र कुटुंबाच्या बाबतीत हा आक्षेप अधिक गंभीर आहे. सासू-सासऱ्यांची शुश्रूषा करणारी सून सहअवलंबी असेलच असे नाही. तिला दुसरा पर्यायच नसेल, तर प्रश्न तिच्या मनाचा नसून घरातील कामवाटपाचा असतो.