भुयारातले भय आणि पाहणाराची बाजू

भयपटाची चर्चा गंभीर नियतकालिकातून करायची नसते, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे. तो कोणी घातला या भानगडीत मी पडत नाही. माझे म्हणणे एवढेच, की माणूस कशाला भितो हे कळले, की तो कुठून आला आहे हेही बरेचसे कळते. म्हणून भयपटापेक्षा त्याविषयीची प्रेक्षकांची मते मला अधिक बोलकी वाटतात. त्यासाठी नील मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाचा २००५ सालचा 'द डिसेंट' हा चित्रपट मी घेतो. डिसेंट म्हणजे खाली उतरणे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वंश, कूळ. वांशिक भेदभावाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात हाच शब्द दुसऱ्या अर्थाने आला आहे, हे चळवळीतल्या वाचकांना ठाऊक असेलच. चित्रपटाला दोन्ही अर्थ लागू पडतात, ते पुढे दिसेल.

कथा थोडक्यात अशी. साराचा नवरा आणि लहान मुलगी अपघातात मरतात. वर्षभराने ती पाच मैत्रिणींबरोबर अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरात गुहा पाहायला जाते. त्यांतली जूनो ही पुढारी. माहितीतली गुहा सोडून ती सगळ्यांना कोणी नकाशावर न घेतलेल्या गुहेत उतरवते आणि हे कोणाला सांगत नाही. मागे वाट ढासळते. पुढे कळते, की आत कोणीतरी राहते आहे: पांढुरकी, आंधळी, कानांवर जगणारी, भिंतीवरून सरपटणारी माणसासारखी जमात.

प्रेक्षकांत सर्वांत जास्त ऐकू येणारे मत असे, की राक्षस येण्याआधीचा अर्धा भागच खरा भयानक आहे. पुढचा नुसता रक्तपात. हे मत सहज टाकून देण्यासारखे नाही. ते का तयार होते याला कारण आहे. खऱ्या गुहेत चित्रण करणे धोक्याचे आणि वेळखाऊ म्हणून लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत गुहा उभारल्या गेल्या. म्हणजे दगड खोटे होते. पण उजेडाच्या बाबतीत दिग्दर्शकाने कडक शिस्त पाळली. बायकांनी बरोबर नेलेले हेल्मेटवरचे दिवे, लाल ज्वाळेच्या कांड्या, हिरवट चमकणाऱ्या नळ्या, एक व्हिडिओ कॅमेरा. पडद्यावरचा प्रकाश यांतूनच येतो असे भासते. बाकीचा रुंद पडदा काळा. थिएटरही काळे. त्यामुळे पडद्याची कड कुठे संपते आणि आपली खुर्ची कुठे सुरू होते हे पाहणाराला उमगत नाही. सारा एका अरुंद बिळात अडकते, श्वास घेता येत नाही, बेथ तिला थट्टामस्करी करून शांत करते आणि मागून दरड येते. त्या प्रसंगात राक्षस नाही, संगीताचा दणदणाट नाही. छाती आणि दगड यांच्यामध्ये जागा नाही, एवढेच आहे. कोंडलेपणाची भीती ही कल्पनेची नसून बरगड्यांची भीती आहे, आणि प्रेक्षक ती बरगड्यांनीच ओळखतो.

दुसरे एक मत हुशार लोकांचे आहे. त्यांच्या मते ती जमात अस्तित्वातच नाही. साराचे डोके बिघडले आहे आणि मैत्रिणींना तिनेच मारले. याला आधार म्हणून तिच्या गोळ्या, तिला होणारे भास दाखवले जातात. मला हे पटत नाही. ते प्राणी पहिल्यांदा स्पष्ट दिसतात ते व्हिडिओ कॅमेऱ्यातून, आणि इतर बायका किंचाळतात. सारा जिथे हजरही नाही तिथे जूनो त्यांच्याशी झुंजते. जे सर्वांनी पाहिले ते एका दुखावलेल्या बाईच्या माथी मारणे ही सवय समीक्षेत जुनी आहे, एवढेच म्हणतो.

प्रेक्षकांची खरी फाळणी मात्र शेवटावरून झाली. इंग्लंडमधल्या प्रतीत सारा हाडांच्या ढिगावरून वर चढते, बाहेर येते, गाडीत बसून पळते. आणि मग जागी होते ती गुहेतच. समोर मेलेली मुलगी वाढदिवसाचा केक घेऊन बसलेली. कॅमेरा मागे सरकतो, केक नाही, मशालीची ज्योत आहे, आणि आवाज जवळ येत आहेत. २००६ मध्ये अमेरिकेत चित्रपट लागला तेव्हा हा शेवटचा तुकडा कापला गेला. तिथे सारा गाडीतच राहते. २००९ चा दुसरा भागही या कापलेल्या शेवटावरच उभा केला. कापलेल्या शेवटाच्या बाजूचे लोक म्हणतात, इतके सोसल्यावर ती सुटली पाहिजे. मी दुसऱ्या बाजूला आहे. सुटकेचे स्वप्न आणि सुटका यांतला फरक प्रेक्षकाला सोसणार नाही, हे वितरकाने परस्पर ठरवले. लोकांना काय झेपते हे लोकांच्या वतीने ठरवणारे सगळीकडेच असतात.

इंग्लंडमध्ये हा चित्रपट लागला तो दिवस ८ जुलै २००५. आदल्या दिवशी लंडनच्या भुयारी रेल्वेत तीन आणि एका बसमध्ये एक असे स्फोट होऊन ५२ माणसे मारली गेली होती. स्फोटात फुटलेल्या त्या बसवर याच चित्रपटाची जाहिरात होती आणि तिच्यात 'टेरर' हा शब्द होता. वितरकाने जाहिरात बदलली. पण आदल्या सकाळी ज्या शहराची माणसे खरोखरच जमिनीखाली धुरात अडकली होती, त्या शहरात तिकीट काढून खाली उतरणाराने जे पाहिले, ते इतर कोणाला दिसले नसेल. एकच चित्रपट सर्वजण पाहतात हे म्हणणेच मुळात सैल आहे.

हे मला माझ्या विद्यार्थ्यांनी जास्त नीट दाखवले. वर्गातल्या काहींनी हा चित्रपट मिळून पाहिला. बहुतेकांचे मत वर सांगितले तसेच. एक मुलगा गप्प होता. त्याचे वडील गटारसफाईच्या कामावर. तो शेवटी एवढेच म्हणाला, "सर, या बाया दोर, दिवे, हेल्मेट सगळं घेऊन हौसेनं उतरल्या." वर्ग हसला, तो हसला नाही. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. तरी मॅनहोलमध्ये गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या येतच राहतात. त्या बातमीत कॅमेरा आत जात नाही. बिळात अडकलेल्या साराची छाती दिग्दर्शकाने आपल्याला दोन मिनिटे उसनी दिली. त्या मुलाला ती उसनी घ्यावी लागली नाही.

आणि आता ती जमात. ही गुहेतून कधी बाहेरच न आलेली आदिमानवांची पिढी, अशी दिग्दर्शकाची कल्पना आहे. म्हणजे हे राक्षस नव्हेत, दूरचे भाऊबंद आहेत. सर्वजण त्यांना 'प्राणी' म्हणतात. मीही वर एकदा तोच शब्द वापरला, कारण सिनेमा तो आपल्या तोंडी देतो. पण चित्रपटात एक प्रसंग आहे ज्यावर फारसे कोणी बोलत नाही. सारा त्यांच्यातल्या एका पोराला मारते. मग त्या जमातीतली एक बाई येते, पोराचे प्रेत हुंगते, आक्रोश करते आणि सारावर तुटून पडते. मूल गमावलेली एक आई मूल गमावलेल्या दुसऱ्या आईला रक्ताच्या डबक्यात ठार करते. त्यापुढे सारा किंचाळत नाही, डगमगत नाही. जूनोच्या हातून चुकून घायाळ झालेली आणि तिने तशीच टाकून दिलेली बेथ साराला सापडलेली असते. त्याचा हिशेब ती जूनोच्या पायात हत्यार खुपसून चुकता करते, आणि तिला त्या जमातीच्या स्वाधीन करून निघून जाते. ती जमात भुकेसाठी मारते. साराने मारले त्याचे कारण भूक नव्हते. बहुतेक प्रेक्षक इथे टाळ्या वाजवतात, आणि मला पडद्यापेक्षा ती टाळी अधिक वेळ ऐकू येत राहते.