सुभाष खोत : अशक्यतेची सीमारेषा शोधणारा संगणकशास्त्रज्ञ

सुभाष खोत हे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कुरांट इन्स्टिट्यूटमध्ये संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांचा विषय सैद्धांतिक संगणकशास्त्र. संगणक काय करू शकतो याइतकाच तो काय करू शकत नाही, हा प्रश्न या शाखेला महत्त्वाचा वाटतो. खोत यांचे बरेचसे संशोधन या दुसऱ्या प्रश्नाभोवती गुंफलेले आहे.

त्यांचा जन्म 1978 साली कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी या यंत्रमागांच्या गावात झाला. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करताना त्यांनी 1994 आणि 1995 अशी सलग दोन वर्षे रौप्यपदके मिळवली. 1995 मध्येच आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत ते देशात पहिले आले. मुंबईच्या आयआयटीतून 1999 मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि संजीव अरोरा यांच्या मार्गदर्शनाखाली 2003 मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली.

त्यांनी संशोधन सुरू केले तेव्हा या क्षेत्रात बरीच पायाभरणी झालेली होती. 1971 मध्ये स्टीफन कुक यांनी आणि 1972 मध्ये रिचर्ड कार्प यांनी दाखवून दिले होते, की वरवर वेगळ्या दिसणाऱ्या अनेक समस्या मुळात सारख्याच अवघड आहेत. त्यांतली एक वेगाने सुटली, तर सगळ्याच सुटतील. अशी वेगवान रीत अस्तित्वातच नाही, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. सिद्धता मात्र अजून सापडलेली नाही. मग पुढचा प्रश्न येतो : अचूक उत्तर मिळत नसेल, तर त्याच्या जवळपासचे उत्तर तरी वेगाने मिळेल का? 1992 मध्ये सिद्ध झालेल्या ‘पीसीपी’ प्रमेयाने काही समस्यांत एका मर्यादेपलीकडे तेही अशक्यप्राय असल्याचे दाखवले. परंतु ही मर्यादा नेमकी कुठे आहे, हे अनेक समस्यांबाबत कळत नव्हते.

ती शोधण्यासाठी खोत यांनी 2002 मध्ये, विद्यार्थिदशेतच, एक अटकळ मांडली. ‘युनिक गेम्स कंजेक्चर’ या नावाने ती ओळखली जाते. काही बिंदू रेषांनी जोडलेले आहेत आणि प्रत्येक बिंदूला ठरावीक रंगांपैकी एक रंग द्यायचा आहे, असे समजा. प्रत्येक रेषेला एक नियम आहे : तिच्या एका टोकाचा रंग ठरला, की दुसऱ्या टोकाला एकच विशिष्ट रंग चालतो. सगळे नियम एकाच वेळी पाळता येत असतील, तर काम सोपे आहे. एका बिंदूला रंग दिला, की जोडलेल्या सर्व बिंदूंचे रंग आपोआप ठरत जातात. चुकले तर पहिल्या बिंदूसाठी दुसरा रंग घेऊन पाहायचा. पण 100 पैकी 99 नियमच पाळता येणार असतील, तर कोणता नियम सोडायचा हे कळत नाही आणि ही रीत कोलमडते. रंगांची संख्या पुरेशी मोठी असेल, तर 99 टक्के नियम पाळता येणारी मांडणी आणि एक टक्काही पाळता न येणारी मांडणी यांतला फरक ओळखणेसुद्धा त्या अवघड समस्यांइतकेच अवघड आहे, असे ही अटकळ सांगते.

एवढ्याशा विधानातून निघालेले निष्कर्ष थक्क करणारे आहेत. रस्त्यांच्या जाळ्यात कमीत कमी चौकांत कॅमेरे बसवून प्रत्येक रस्त्याचे निदान एक टोक नजरेखाली आणायचे, ही अशीच एक अवघड समस्या. गरजेच्या दुपटीपेक्षा जास्त कॅमेरे लागणार नाहीत, अशी एक अगदी साधी रीत पूर्वीपासून माहीत आहे. अटकळ खरी असेल, तर ‘दुपटी’ची ही हमी लक्षणीयरीत्या कमी करणे कोणत्याही वेगवान रीतीला जमणार नाही, हे 2003 मध्ये खोत आणि ओडेड रेगेव्ह यांनी दाखवले. बिंदूंचे दोन गट करून गटांमधून आरपार जाणाऱ्या रेषा जास्तीत जास्त ठेवायच्या, ही ‘मॅक्स-कट’ समस्या. तिच्यासाठी मिशेल गोमन्स आणि डेव्हिड विल्यमसन यांच्या रीतीने सर्वोत्तम उत्तराच्या सुमारे 87.8 टक्के हमी मिळते. अटकळ खरी मानली तर हाच आकडा अंतिम ठरतो. प्रसाद राघवेंद्र यांनी 2008 मध्ये त्याहून व्यापक निष्कर्ष काढला : अटकळ खरी असेल, तर अशा अटी पाळण्याच्या समस्यांच्या एका संपूर्ण वर्गासाठी एकच सर्वसाधारण रीत सर्वोत्तम ठरते.

जॉर्जिया टेकमध्ये काही वर्षे अध्यापन केल्यावर खोत 2007 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा वॉटरमन पुरस्कार त्यांना 2010 मध्ये मिळाला. 2014 मध्ये सेऊल येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांना नेव्हानलिना पारितोषिक देण्यात आले. संगणकशास्त्राच्या गणिती अंगासाठी चाळिशीच्या आतील संशोधकाला या नावाने 2018 पर्यंत दिला गेलेला हा सर्वोच्च सन्मानांपैकी एक. पुढे 2016 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप आणि 2017 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले.

अटकळ मात्र अजून सिद्ध झालेली नाही. 2010 मध्ये संजीव अरोरा, बोअझ बराक आणि डेव्हिड स्टॉयरर यांनी युनिक गेम्ससाठी अपेक्षेपेक्षा बरीच वेगवान रीत शोधली, तेव्हा अटकळीविषयी शंका बळावल्या. 2018 मध्ये पारडे पुन्हा अटकळीच्या बाजूने झुकले. खोत, डोर मिन्झर आणि मुली साफ्रा यांच्या शोधनिबंधाने, इतर सहकाऱ्यांच्या कामासह, ‘टू-टू-टू गेम्स’ हे जवळचे विधान सिद्ध झाले. या विधानात एका टोकाचा रंग ठरल्यावर दुसऱ्या टोकाला एकाऐवजी दोन पर्याय उरतात. जवळपास निम्मे नियम पाळता येणारी मांडणी आणि जवळजवळ एकही पाळता न येणारी मांडणी यांत फरक करणे अवघड आहे, एवढे त्यातून युनिक गेम्सबाबत सिद्ध झाले.

या अटकळीचा अंतिम निकाल काहीही लागो, तिच्या शोधात सापडलेले गणित टिकणारे आहे. मॅक्स-कटच्या अभ्यासातून पुढे आलेले एक विधान 2005 मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध झाले : दोन उमेदवारांच्या अटीतटीच्या निवडणुकीत कोणा एका मतदाराला अवाजवी वजन नसेल, तर मतमोजणीतील किरकोळ चुकांना बहुमताची पद्धत सर्वांत कमी बळी पडते. उत्तर हाती नसतानाही नेमका प्रश्न विचारणे हे विज्ञानातले मोठे काम आहे, आणि खोत यांनी ते विशीतच केले.