तलाव पाण्याचा, काठ कुणाचा?

तलाव म्हटला की आंबेडकरी माणसाला महाड आठवते. ते साहजिकच आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना कागदावर खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तोही कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर सनातन्यांनी दावे लावले आणि शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी काळापासूनची रूढी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टकचेरी करावी लागली, हा या देशाचा इतिहास आहे.

पाण्याचा हक्क असा मिळाला. परंतु तलावाला पाण्याबरोबर काठही असतो. त्या काठावर सकाळी फिरायला जावे, लेकराबाळांना पक्षी दाखवावेत, झाडाखाली डबा उघडावा, परवानगी असेल तेथे तंबू ठोकून एक रात्र चांदण्यात काढावी, हा हक्क आमच्या चळवळीने मागितला आहे काय? आम्हाला वाटते, तो मागण्याची गोष्टच आमच्या मनात आलेली नाही. करमणूक हे भरल्या पोटाच्या लोकांचे काम, असे आम्ही गृहीत धरून बसलो आहोत.

सहल आमच्या वाट्याला का नाही?

आमच्या समाजाचा प्रवास पाहा. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. हे प्रवास आमचा स्वाभिमान जागवतात आणि ते चालूच राहिले पाहिजेत. पण विश्रांतीसाठी, निव्वळ आनंदासाठी कुटुंबासह बाहेर पडणारे आमच्यात किती? ज्यांच्या पूर्वजांना गावकीच्या कामातून एक दिवसाची सुटी नव्हती, त्यांच्या घरात 'सुटी' हा शब्दच उशिरा आला. शिकलेल्या, नोकरी मिळालेल्या पिढीने घर बांधले, मुले शिकवली. पण रविवारी मुलांना घेऊन कुठे जायचे, हे तिला कुणी शिकवलेले नाही.

धुळ्यात आमच्यासमोर एक मोठा दाखला आहे. महामार्गाने शहराच्या दक्षिणेला गेले की लळिंगचा किल्ला लागतो आणि त्याच्या परिसरात लळिंगचे कुरण. तेथील लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेबांचा मुक्काम होता. ते धुळ्याला न्यायालयीन कामासाठी आले होते. चवदार तळ्याचा निकाल लागून तेव्हा साडेचार महिने झाले होते. त्याच्या आठ वर्षे आधी, १९२९ साली, सरकारी समितीच्या कामासाठी ते याच भागात आले होते. तेव्हा चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला, सराव नसलेल्या माणसाला तो हाकावा लागला, एका पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्या खान्देशात टांगा मिळाला नाही, त्याच खान्देशात त्यांच्या एका मुक्कामाची आठवण म्हणून आज दरवर्षी ३१ जुलैला हजारो माणसे लांडोर बंगल्यावर जमतात.

ही यात्रा भर पावसाळ्यात येते. कुरण हिरवेगार झालेले असते. बाया भाकरी बांधून आणतात, पोरे डोंगर चढतात, म्हातारी माणसे बंगल्यासमोर नतमस्तक होतात. अभिवादन आणि रानातला एक दिवस, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी घडतात. आमचे म्हणणे एवढेच की असा दिवस वर्षातून एकच का असावा?

पाळीला माती कुणी वाहिली?

पांझरा नदी ओलांडली की देवपूर. देवपूरकरांना नकाणे तलाव जवळचा. धुळे शहराला पाणी देणारा हा जुना तलाव. हिवाळ्यात त्याच्या काठाने चालत गेले तर टिबुकली बुडी मारताना दिसते, वंचक चिखलात दबा धरून बसलेला असतो, खंड्या तारेवरून पाण्यात झेपावतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही देवपुरातील पाच-सहा कुटुंबे मिळून असा एक दिवस काढला. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत बरोबर होते. मुलांकडे दुर्बीण एकच होती आणि तिच्यासाठी भांडण झाले. एरवी त्यांची भांडणे मोबाईलसाठी होतात.

आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. तलावाच्या पाळीवर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळात साक्री तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर त्यांनी पाट्या वाहिल्या होत्या. "तवा पाळीवर उभं राहायची सोय नव्हती, मुकादम ओरडायचा. आज पहिल्यांदा कुणी हटकलं नाही," असे त्या म्हणाल्या.

या वाक्याचा विचार व्हायला हवा. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर लाखो मजूर होते. त्यातून पाझर तलाव झाले, रस्ते झाले, बंधारे झाले. पुढे याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्या कामांवर दगड फोडणारे आणि पाट्या वाहणारे हात प्रामुख्याने भूमिहीनांचे होते, दलितांचे, आदिवासींचे, बायकांचे होते. पाणी मात्र ज्याची जमीन त्याच्या विहिरीला उतरले. पांझरेवरील फड पद्धतीचे कौतुक अभ्यासक करतात आणि पाणी वाटून घेण्याची ती व्यवस्था खरोखरच विचार करण्यासारखी आहे. परंतु फडात ज्याची जमीन त्यालाच वाटा. ज्याला जमीनच नाही, त्याने पाटाकडे नुसते पाहायचे.

आज अशाच तलावांच्या काठी बागा होतात, पक्षी निरीक्षणाचे मनोरे उभे राहतात, तंबूंच्या वसाहती होतात. गोदावरी-कादवाच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजी अमलात बांधला गेला. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. माणसाने बांधलेले पाणी पक्ष्यांनी आपले मानले, याचा आनंदच आहे. पण ते बांधणाऱ्यांच्या नातवंडांना दारावरच्या तिकिटाचा दर पाहून परत फिरावे लागू नये. तलावाकाठच्या खासगी तंबूत एका रात्रीचे जे भाडे घेतले जाते, त्यात अनेक ठिकाणी मजुराची आठवड्याची मजुरी जाते.

आणि प्रश्न पैशाचाच नाही. एका तलावाकाठच्या खासगी कॅम्पवर आम्ही फोन करून जागा मागितली. संघटनेचे नाव ऐकताच पलीकडचा आवाज बदलला. "आम्ही फक्त फॅमिली ग्रुप घेतो." आमच्यात अकरा बायका आणि नऊ मुले आहेत, असे सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला, "झेंडे वगैरे लावणार नाही ना?" आम्ही शांतपणे सांगितले की तुमचे जे नियम असतील ते लेखी पाठवा, सर्वांना लागू असतील तर आम्हीही पाळू. नियम काही आले नाहीत, जागा मात्र मिळाली. फोनवर बोलणारा वकील नसता, तर ती मिळाली असती काय?

कायदा काय सांगतो?

वाचकांनी हे पाठ करून ठेवावे. संविधानाचे कलम १५(२) बाबासाहेबांच्या महाडचेच संवैधानिक रूप आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा येथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येत नाही. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते, सार्वजनिक वावराच्या जागा येथेही तसे करता येत नाही. करमणुकीची जागा आणि तलाव एकाच कलमात बसलेले आहेत. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चे कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेली अशी अडवणूक गुन्हा ठरवते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने नदी, झरा, विहीर, तलाव तसेच गावाच्या सामाईक साधनांचा समान वापर करू न देणे हा स्वतंत्र गुन्हा घातला गेला आणि ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली.

तलाव विकून टाकण्याचा प्रश्न वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात बियास नदीकाठच्या जागेचा हॉटेलसाठी दिलेला पट्टा रद्द केला. नदी, वन, किनारा यांचे सरकार मालक नाही, जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व तेथे स्पष्ट झाले. २००१ च्या हिंचलाल तिवारी प्रकरणात वने, तळी, टेकड्या ही समाजाची साधनसंपत्ती असल्याचे न्यायालयाने सांगितले. विश्वस्त हिशेब द्यायला बांधील असतो. तो माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जावर आपण मागू शकतो.

हा लढा केवळ आमचा नाही. अमेरिकेत काळ्या माणसाला उद्यानातही वेगळे ठेवले जाई. नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९३९ साली जोन्स लेक नावाच्या तलावाकाठी काळ्यांसाठी वेगळे राज्य उद्यान सुरू झाले. त्याच वर्षी व्हर्जिनियातील शेनानडोआ राष्ट्रीय उद्यानात लुईस माउंटन येथे काळ्यांसाठी वेगळा कॅम्प उघडला. वनराई तीच, डोंगर तोच, फक्त तंबूची जागा वेगळी. बाल्टिमोरच्या सार्वजनिक स्नानकिनाऱ्यांवरील भेदभाव तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९५५ रोजी बेकायदा ठरवला. करमणुकीच्या जागेवरचा हक्क त्यांनी किरकोळ मानला नाही. आम्ही तो का मानावा?

हक्काबरोबर शिस्त

हक्क मागणाऱ्याने काठ घाण करू नये, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. बुद्धाने उपदेश कुठे केला? बिंबिसाराने दान दिलेल्या वेळुवनात, जेथे खारींना चारा घातला जाई. जेतवनात. आम्रवनात. विनयात भिक्खूंना झाडझाडोरा तोडायला मनाई आहे, हिरवळीवर आणि पाण्यात घाण करायला मनाई आहे. अशोकाने पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादीच कोरली आणि विनाकारण रान जाळू नये असे बजावले. ज्या वारशाचा आम्ही अभिमान बाळगतो, त्याच्या अनुयायांनी तलावाकाठी प्लॅस्टिकची ताटे टाकून यावे, रात्री डीजे लावावा, हे शोभत नाही. कायदाही तेच सांगतो. अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ ने बंदी आहे, आग लावण्याला कलम ३० ने. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहेच. नकाणेसारख्या पिण्याच्या पाण्याच्या तलावात तर कपडे धुणे नको, आंघोळ नको आणि पाण्यालगत तंबूही नको. ते पाणी आपल्याच घरातल्या माठात येते.

दुसरी शिस्त त्याहून अवघड आहे. आपण ज्या काठावर सहलीला जातो, तेथे आधीपासून कुणी राहते. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी अनेर धरणाचे अभयारण्य आहे. सातपुड्याच्या या पट्ट्यात पावरा आणि भिल्ल आदिवासींची वस्ती आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये पाणवठ्यांतील मासळी आणि चराई हे सामूहिक हक्क मान्य केलेले आहेत आणि ते अभयारण्यातही लागू आहेत. संरक्षणाच्या नावाखाली त्यांची जाळी जप्त व्हायची आणि शहरातल्या पाहुण्यांसाठी बोटी चालायच्या, असे कोठेही होत असेल तर आंबेडकरी पर्यटकाने कुणाच्या बाजूने उभे राहायचे, हे सांगायला नको. भोई, कोळी, भिल्ल यांच्या पोटावर पाय देऊन मिळणारी करमणूक आम्हाला नको.

मागणी काय करायची?

ज्या तलावाकाठी सार्वजनिक पैशातून बाग होईल, तेथे आठवड्यातून निदान एक दिवस प्रवेश विनामूल्य असावा. महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांना तो कायम विनामूल्य असावा. बायकांसाठी स्वच्छ शौचालय आधी व्हावे, सेल्फीची जागा नंतर. तंबूचा ठेका द्यायचा तर स्थानिक मच्छीमार संस्थेला आणि बचत गटाला प्राधान्य मिळावे. प्रवेशाचे नियम मराठीत फलकावर लावावेत, म्हणजे फोनवरच्या माणसाला ते मनाने बनवता येणार नाहीत. लळिंगच्या कुरणात ३१ जुलैला येणाऱ्या जनतेसाठी पिण्याचे पाणी, निवारा आणि कचरा उचलण्याची व्यवस्था वनखात्याने आणि प्रशासनाने मिळून करावी, आणि आमच्या तरुणांनी त्या कामाला स्वयंसेवक द्यावेत.

आमच्या विहारांनीही एक काम हाती घ्यावे. दर हिवाळ्यात प्रत्येक विहाराने वस्तीतल्या मुलांना एका तलावावर न्यावे. एस.टी.चे भाडे वर्गणीतून निघेल. बरोबर एक दुर्बीण, एक वही आणि कलम १५(२) समजावून सांगणारा एक माणूस असावा. पक्ष्याचे नाव आणि आपला हक्क, दोन्ही गोष्टी मुलांनी एकाच दिवशी वहीत लिहून घ्याव्यात. ज्या पाळीला आजीने माती वाहिली, तिच्यावर नातीने बसून डबा खाल्ला पाहिजे. जयभीम.